कीबोर्ड घेऊ की कॉम्प्युटर?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. दुकानात येऊन विचारतात, फोनवर विचारतात, एकदा तर चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मागच्या बाकावरून एकाने कानाशी येऊन विचारलं. "ताई, घरी गाणी करायचीत. कीबोर्ड घेऊ की कॉम्प्युटर?" विचारणाऱ्याचं मनात बहुतेक ठरलेलं असतं, त्याला फक्त साक्षीदार हवा असतो. पूर्वी मी फार हिरिरीने उत्तर देत असे. आता देत नाही. का देत नाही, तेच या अंकासाठी लिहायचं ठरवलं. संपादकबाई म्हणाल्या होत्या, नाताळचा अंक आहे, जरा प्रसन्न लिहा. मी म्हटलं, प्रसन्न लिहिणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत.

शिरूरला, आम्ही जुनी माणसं त्याला घोडनदीच म्हणतो, चर्चच्या मागच्या गल्लीत माझं कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान आहे. पाटी नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत कोणाचाही कीबोर्ड बिघडला की तो शेवटी माझ्या टेबलावर उताणा पडतो. बाईमाणूस हे काम करते याचं लोकांना पहिली काही वर्षं नवल वाटे. "मिस्त्री कुठायत?" असं मलाच विचारत. मिस्त्री चहा प्यायला गेलेत असं सांगून मी त्यांच्यासमोरच स्क्रू काढायला घेई.

माझे वडील चर्चमधली पायपेटी वाजवायचे. उंदरांनी भाता कुरतडला की स्वतःच चामडं लावून तो शिवायचे आणि मी बॅटरी धरून उभी राहायचे. पुढे मी रांजणगावच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाईनवर लागले. कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर हिरव्या पट्टीवर कथलाचे थेंब टाकायचे, बसने यायचं. ती लाईन बंद झाली तेव्हा डोळ्यांना चष्मा आणि हातांना कसब, एवढं घेऊन मी बाहेर पडले. अजूनही काम करताना सोल्डरच्या तारेचं वेटोळं मनगटात अडकवते. नवरा होता तोवर चिडवायचा, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. माझं नाव सोनूबाई नाही, पण वाळा खरोखरच कथलाचा होता.

आता धंद्याचं थोडं सांगते. कीबोर्ड, म्हणजे शिकलेले लोक ज्याला सिंथेसायझर म्हणतात तो, हे वाढलेलं ताट आहे. बटण दाबलं की समोर. आवाज आतच आहेत, पट्ट्या आहेत, वाजवायला बसायचं. त्यात जे नाही ते नाही. कॉम्प्युटर म्हणजे किराणा दुकान. जगातला प्रत्येक आवाज त्यात मिळतो, पण चूल तुमची, वेळ तुमचा आणि स्वयंपाक येत असेल तर. दौंडच्या एका निवृत्त रेल्वेवाल्यांनी हौसेने कॉम्प्युटर घेतला, मी तो बसवून दिला. ते रोज संध्याकाळी बसून आवाज ऐकतात. आज सनई, उद्या कुठल्या तरी बर्फाळ देशातली घंटा. गाणं अजून एकही झालेलं नाही. त्यांच्या पत्नी म्हणतात, "रोज दुकान उघडतात, इकत काई न्हाई." कासुर्डीकडच्या एका गुरुजींचं याहून वाईट झालं. त्यांनी पत्नीकडून एक भजन गाऊन घेतलं, आठवडाभर खपून त्याला साज चढवला आणि साठवून ठेवायच्या आधी वीज गेली. ते मशिन घेऊन माझ्याकडे आले. "आतच आसंल की वो कुठंतरी," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. आत काही नव्हतं. बाई परत गायल्या नाहीत, एकदा झालं ते झालं म्हणाल्या.

कीबोर्डला विजेचं एवढं भय नाही. त्याचे शत्रू वेगळे. इकडच्या जागरण-गोंधळवाल्यांचा कीबोर्ड उघडला की आतून मूठभर भंडारा निघतो. हळद पट्ट्यांखालच्या रबरावर बसते आणि एकेक सूर मुका होतो. रबर काढायचं, स्पिरिटने पुसायचं, परत बसवायचं. माझं टेबल वर्षातले आठ महिने पिवळं असतं. मी ख्रिस्ती बाई, पण माझ्या हाताला कायम खंडोबाचा रंग. चर्चमध्ये वयस्कर मंडळी त्यावरून मला टोमणे मारतात आणि मी मारू देते.

नवनाथ माझ्याकडे पहिल्यांदा आला तो असाच भंडाऱ्याने भरलेला कीबोर्ड घेऊन. इनामगावच्या पुढे घोड नदीच्या काठी त्याचं गाव. रांजणगावात पत्रा दाबायच्या प्रेसवर कंत्राटी कामगार आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा. बेंजो पार्टी म्हणजे वरातीपुढे टेम्पोवर आणि टेम्पोच्या पुढे चालणारी वाजवणारी मंडळी. कीबोर्ड, हलगी, ताशा, ढोल, ट्रम्पेट. नवनाथचा हात ऐकावा असा होता. कीबोर्डच्या डाव्या टोकाला एक छोटं चाक असतं, ते फिरवलं की सूर वाकतो. बहुतेकांना ते खेळणं वाटतं. हा उजव्या हाताने चाल वाजवायचा आणि डाव्या अंगठ्याने ते चाक असं फिरवायचा की पट्टीतून गळा निघावा. मी दुरुस्ती झाल्यावर त्याला मुद्दाम वाजवून बघायला सांगायची. काही बिघाड राहिला का ते मला आधीच ठाऊक असायचं. मला ऐकायचं असायचं.

आणि मग प्रेसने त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण दोन्ही हात गुंतले की माल हळू निघतो. म्हणून काही ठिकाणी एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवतात. मी कारखान्यात होते, मला हे नवं नव्हतं. तरी ऐकल्यावर मी दुकान बंद करून घरी जाऊन बसले. अंगठा आणि करंगळी एवढंच राहिलं होतं. कंत्राटदाराने त्याचं नाव गेटवरून काढलं, ते तर ठरलेलंच.

जखम भरल्यावर तो दुकानात आला. उजव्या हाताला गमछा गुंडाळलेला.

"ताई, आता काय घेऊ? कीबोर्ड का कॉम्प्युटर?"

तोच प्रश्न, पण इतक्या वर्षांत तो खरोखर विचारणारा हा पहिला माणूस. माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्याची बातमी कळल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. मी त्याला पत्र्याचा एक तुकडा दाखवला, मीच कापून वाकवलेला. म्हटलं, हे बघ, डावीकडचं चाक मी काढते आणि या पत्र्यावर उजव्या टोकाला बसवते. चाल डाव्या हाताने वाजव, चाक उजव्या अंगठ्याने फिरव. अंगठा शाबूत आहे तुझा. वर्षभर हात उलटा बसवायला लागेल, पण बसेल.

त्याने पत्रा हातात घेऊन फिरवून बघितला. त्याला तो आवडला, हे मला दिसलं.

"व्हईल ताई. पण लोकं हाताकडं बघत्याल. गाणं कोन ऐकणार?"

"बघून बघून कंटाळतील."

"वरातीत रोज नवी लोकं आसत्यात," तो म्हणाला. "कॉम्प्युटरच द्या. घरात बसून करीन. कुनी बगायचं न्हाई."

ज्याचं जळतं त्याला कळतं. मी एक जुना कॉम्प्युटर नीट करून त्याच्या घरी बसवून दिला. माऊस डाव्या हाताला. कॉम्प्युटरमध्ये सूर वाजवावा लागत नाही, पडद्यावर चौकटीत मांडता येतो, रांगोळीचे ठिपके द्यावेत तसा. एकेक ठिपका देत तो चाल करायला शिकला. पत्र्याचा तुकडा मी खिळ्याला अडकवून ठेवला.

पण थोड्याच दिवसांत त्याने तक्रार केली. कॉम्प्युटरमध्ये ढोल होते, ड्रम होते, जगभरची चामडी होती. आपली हलगी नव्हती. जी होती तिला पाण्यात भिजवल्यासारखा आवाज. "ही हलगी ऐकून आबा मला घरात घ्यायचं न्हाईत," तो म्हणाला.

आबा म्हणजे त्याच्या पार्टीचे हलगीवाले. सत्तरीचा माणूस, काडीसारखा. गावात देवाची पालखी असो, कुस्तीचा फड असो की मयत, हलगी आबांचीच. ते नवनाथच्या शेजारीच राहायचे. त्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, मग माझीच घे की. आणि त्यांचं बघून सगळी पार्टीच म्हणाली, आमचंबी घे. नवनाथ आता बाहेर पडत नाही, आपल्याबरोबर वाजवणार नाही, तर निदान आपला आवाज तरी त्याच्यापाशी राहू दे, असा त्यांचा साधा हिशोब होता. प्रेमाची माणसं दुसरं काय देणार?

तो दिवस मी विसरणार नाही. रविवारची उपासना आटोपून मी माइक घेऊन गेले. नवनाथच्या पत्र्याच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या. बाहेर आबांनी पाचट पेटवून हलगी शेकली. दौंडहून रफिकभाई ट्रम्पेट घेऊन आले होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या बँडमध्ये गेलेल्या. मी त्यांना सांगितलं की गाणं वाजवायचं नाही, एकेक सूर सुटा, लांब धरून वाजवायचा. त्यांनी तळापासून वरपर्यंत एकेक सूर धरला, मोठा, मध्यम, बारीक. संपेपर्यंत त्यांचे ओठ सुजले. "बाई, एवढं तर मी माझ्या लग्नातबी फुकलं न्हाई," ते म्हणाले.

आबांचं मात्र जमेना. एकच ठोका द्या म्हटलं की ते पाच द्यायचे.

"एक ठोका कसा वाजवायचा, मिस्त्रीनबाई? एका पायानं चालतंय का कुनी?"

मग त्यांना त्यांच्या पद्धतीने वाजवू दिलं. वरातीची, फडाची, पालखीची, एकेक चाल ते सबंध वाजवत गेले. चाल वळायच्या आधी ते बारक्या काडीने हलगीच्या कडेला हलकेच टिचकी द्यायचे. ती सवय दुसऱ्या कोणाची मी ऐकलेली नाही. शेवटी ते म्हणाले, "मयताची बी घे."

"आबा, शुभ बोला की," नवनाथ म्हणाला.

"घे रं. ती बी लागती. सगळ्यात जास्त तीच लागती."

आणि त्यांनी मयताची चाल धरली. संथ. बराच वेळ वाजवून ते एकदम थांबले. मला वाटलं संपलं. तेवढ्यात त्यांनी परत सुरू केलं.

"मधी का थांबला?" मी नंतर विचारलं.

"इसावा आला," आबा म्हणाले, जणू मीच बरोबर चालत होते आणि मला दिसायला हवं होतं.

चहा देता देता आबांच्या बायकोने, पारूमावशींनी, मला ते समजावलं. मयत निघालं की वाटेत एका ठिकाणी तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात. तो विसावा. तिथे हलगी थांबते. बायका मागे घरीच असतात, त्यांना दिसत काही नाही. हलगी थांबली की कळतं, माणूस विसाव्याला टेकलं. मग बाई उठते आणि पाण्याची बादली घेऊन घर धुवायला काढते. "त्याच्या आदी घर धुयाचं न्हाई," मावशी म्हणाल्या. "ह्यांनी थांबवली की आमी उठायचं. किती घरं धुतली मी ह्यांच्या हलगीवर!"

पुढचं काम मी नवनाथला शिकवलं. वाजवलेल्यातला एक तुकडा घ्यायचा आणि तो गोल फिरत ठेवायचा, याला लूप म्हणतात. सगळी कारागिरी जोडात आहे. तुकड्याचं शेपूट त्याच्या तोंडाला असं जुळलं पाहिजे की फेरा कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे कळू नये. नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज येतो. मी जोडाच्या बाबतीत फार कडक आहे. नवनाथ माझ्याहून कडक निघाला. त्याने आबांच्या सगळ्या चालींचे लूप केले. मयताच्या चालीतली ती मधली शांतता अर्थातच काढून टाकावी लागली, लूपमध्ये तिला जागा नसते. मी डोळे मिटून ऐकलं. जोड सापडेना. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग गाणी होऊ लागली. आबांची हलगी, रफिकभाईंचे सूर, ताशा, ढोल, सगळं त्या डाव्या हाताने ठिपके देत जुळवलेलं. संध्याकाळी पार्टीतली मंडळी येऊन ऐकायची आणि आपापला आवाज आला की हसायची. नवनाथच्या अंगात जीव आला. गमछा सुटला. मला वाटलं, याने माझं ऐकलं नाही तेच बरं झालं.

पार्टीच्या मालकांना सगळे नाना म्हणायचे. गोड बोलून आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस. एक दिवस तेही ऐकायला आले. एका लग्नाची तारीख जवळ होती आणि नवनाथच्या जागी घेतलेला कीबोर्डवाला आजारी पडला होता. नानांनी एक गाणं पेनड्राईव्हवर मागून घेतलं. नवनाथने आनंदाने सगळंच भरून दिलं, आबांच्या चालींच्या लूपसकट. त्या वरातीत पेनड्राईव्ह वाजला आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही. नाचणाऱ्याला काय, ठेका लागतो.

पुढच्या लग्नाला नानांनी ताशेवाल्याला बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याला ढोलवाल्याला. हंगाम संपेपर्यंत पार्टी म्हणजे एक टेम्पो, चार मोठे स्पीकर आणि ड्रायव्हर एवढंच उरलं. रफिकभाई रांजणगावच्या एका गेटवर वॉचमन म्हणून लागले. आबांना नाना म्हणाले, "वय झालं आबा, ह्या वर्षी आराम करा."

नवनाथ नानांशी भांडायला गेला, मला सोबत घेऊन. मी मध्यस्थी करावी अशी त्याची इच्छा.

"माझी गाणी वाजवा, पण माणसं बी घ्या, नाना. ती त्यांचीच वाजवणी हाय."

नानांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. आवाज जराही चढवला नाही. "हे बग नवनाथ, माणसं जेवत्यात, पित्यात, रुसत्यात. आदल्या दिवशी सांगत्यात, सासू मेली. पेनड्राईव्ह रुसत न्हाई. मी न्हाई केलं तर दुसरा करनार हाय. तुजी गानी पार दौंडपर्यंत गेल्यात, तुला ठावं तरी हाय का?"

ते खरं होतं. पेनड्राईव्हवरून पेनड्राईव्हवर, टेम्पोवरून टेम्पोवर, ती गाणी दोन्ही तालुक्यांत पसरली होती. परतताना गाडीवर मागे बसून नवनाथने विचारलं, "ताई, ते परत न्हाई का घेता येत? तुमाला सगळं येतं." मी म्हटलं, बाबा, दुरुस्ती येते. बाहेर पडलेला आवाज आत घालता येत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आबा रागावले नाहीत. रागावले असते तर नवनाथला ते सोसलं असतं. ते संध्याकाळी यायचे, ओट्यावर बसायचे, तंबाखू मळायचे. एकदा दौंडच्या बाजारातून आले आणि सांगू लागले, "आज बाजारात टेम्पो चाललावता. मी कांदं घ्यायला हितं उभा, आन् मीच तिकडं वाजतोय. कडंची टिचकी बी माजीच. मागनं हाक मारावी वाटली." ते हसले. मग म्हणाले, "लय दमदार वाजीवतोय बरं का मी. दमतच न्हाई."

हलगी त्यांनी घरात खुंटीला टांगली, ती परत उतरवली नाही. न शेकता राहिलेल्या हलगीचं कातडं सैल पडतं. वाजवणाऱ्याचंही तसंच होत असावं. ते जेवण कमी करत गेले, फिरणं बंद केलं. डॉक्टरांनी काही तरी आजाराचं नाव सांगितलं, ते असेलही. मला माझं मत आहे आणि त्यावरून मी डॉक्टरांशी वाद घालायला जाणार नाही.

एका सकाळी नवनाथचा फोन आला. नुसतं "आबा" म्हणाला. मी स्कूटर काढली.

अंगणात माणसं जमली होती. सगळी तयारी झाली होती, तरी निघत का नाहीत ते कळेना. मग कळलं. गावात कोणाचंही मयत असलं तरी हलगी आबांची, आणि आबांनंतर वाजवणारं कोणी उरलं नव्हतं. ज्या दोघा-तिघांना थोडी येत होती ती केव्हाच पोटापाण्यासाठी कंपनीच्या गेटवर गेलेली. खुंटीवरची हलगी कोणी तरी उतरवून आणली होती आणि ती एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातात फिरत होती. नवनाथने ती घेतली. हलगीला दोन्ही हात लागतात; त्याने उजव्या अंगठ्यात आणि करंगळीत काडी धरायचा प्रयत्न केला. काडी दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा त्याने उचलली नाही.

तेवढ्यात नानांचा टेम्पो आला. नानांनी पाठवला होता, मानाने, आबा आपल्या पार्टीचे म्हणून. ड्रायव्हरने कोणाला न विचारता पेनड्राईव्ह लावला. मयताची चाल सुरू झाली.

रडणाऱ्या बायका एकदम थांबल्या. पारूमावशी तिरडीच्या पायाशी डोकं टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोकं वर केलं. चाल वळली, कडेची टिचकी आली, आणि त्यांनी तिरडीवरच्या माणसाकडे बघितलं. नीट निरखून बघितलं.

नवनाथ धावत गेला आणि त्याने स्पीकरची वायर उपटली.

इतकी शांतता झाली की पाचटावरून चालणाऱ्या कोंबड्या ऐकू येत होत्या. तो टेम्पोला टेकून उभा होता, वायर हातात धरून, आणि कोणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हता. मला वाटलं, बरं केलंस. निदान आज तरी नको.

"का बंद केलंस रं नवनाथा?" पारूमावशी म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "लाव. त्यांचाच हात हाय तो."

"मावशे..."

"लाव म्हंते ना. हलगीबिगर जायाचं का त्यांनी? साऱ्या गावाला पोचवलं त्या मानसानं."

त्याला वायर परत लावावी लागली. डाव्या हाताने स्पीकर धरला, पण उजव्या अंगठ्यात आणि करंगळीत पिन धरवेना. ड्रायव्हर मदतीला पुढे झाला तर त्याने त्याला खांद्याने ढकललं आणि स्वतःच लावली. हलगी सुरू झाली. तिरडी उचलली. पुढे आबा वाजत होते आणि मागे आबा चालले होते.

बायका घरीच थांबल्या. मी मावशींजवळ बसले. कोणी तरी पाण्याने भरलेली बादली आणून उंबऱ्यापाशी ठेवली होती. मावशींनी तिच्या कडीवर हात ठेवला आणि डोळे मिटून कान दिला. हलगी लांब गेली, वळणावर बारीक झाली, मोकळ्या रानात परत स्पष्ट झाली. स्पीकर मोठे होते. मावशी बसूनच होत्या. एक बाई हळूच म्हणाली, उठा आता. त्यांनी मान हलवली. अजून थांबली नव्हती.

तो लूप मी ऐकून पसंत केलेला होता. त्याच्यातला विसावा काढून टाकल्यावर मी शाबासकी दिली होती. तिरडी टेकली असेल, खांदे बदलले असतील, परत उचललीही असेल, आणि हलगी एका दमात चाललीच होती.

"बाई," पारूमावशींनी डोळे न उघडता मला विचारलं, "इसाव्याला पोचले का गं?"

मी कान देऊन ऐकत होते. जोड कुठेच ऐकू येत नव्हता.